सेंद्रिय तूरडाळ, सिगारेटवाले आणि आमच्या देवघरातली उदबत्ती

धरमपेठी

हा धागा घरच्या भांडणातून निघाला आहे, त्यामुळे मध्येमध्ये घर डोकावेल. सांभाळून घ्या.

बाबा माझ्याकडेच असतात. वय ७८, एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त, कुठलाही कागद मागच्या बाजूनं वाचायला सुरुवात करणारे. सात-आठ वर्षांपूर्वी कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि घरात सेंद्रिय तूरडाळ सुरू झाली. तेव्हापासून दर महिन्याला गोकुळपेठेतून '२४ मंत्र'ची दोन पाकिटं आणते. महाग पडते, पण शिजते छान आणि बाबा खूश असतात, म्हणून कधी वाद घातला नाही.

मागच्या रविवारी रद्दी बांधताना त्यांना जुन्या पेपरात एक बातमी दिसली. एप्रिल २०२५ ची. २४ मंत्र ज्या हैदराबादच्या कंपनीचं, त्या स्रेस्टा नॅचरल बायोप्रॉडक्ट्सला आयटीसी विकत घेणार, व्यवहार जास्तीत जास्त ४७२ कोटी ५० लाखांचा. बाबांनी पेपरची घडी घातली, माझ्या पोळपाटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "हे सिगारेटवाले आहेत."

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. माझे मोठे काका खर्र्यानं गेले. नागपूरकरांना खर्रा समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून घोटून केलेला प्रकार. जबड्याचा कॅन्सर झाला. शेवटचे चार महिने तोंड बोटभरही उघडत नव्हतं. बाबा रोज सायकलनं महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत, जायचे आणि गाळलेलं पातळ वरण चहाच्या चमच्यानं त्यांच्या गालाच्या कडेनं आत सोडायचे. एक वाटी संपायला तास लागायचा. तूरडाळ आणि तंबाखू बाबांच्या डोक्यात शेजारीशेजारी बसल्या आहेत, त्या अशा.

तर डाळ बंद.

मग माझी लेक उठली. बारावीत आहे, म्हणजे वाद घालायचं वय. देवघरातून उदबत्तीचा पुडा आणला, उलटा केला आणि आजोबांसमोर धरला. मंगलदीप. आयटीसी. मग स्वतःची क्लासमेटची वही. मग डब्यातला सनफीस्टचा पुडा. कणीक आम्ही चक्कीवरून दळून आणतो, नाहीतर आशीर्वादही निघाला असता. बाबा उदबत्तीचा पुडा हातात घेऊन बराच वेळ वाचत बसले. सोमवारपासून देवापुढे नुसती समई.

माझे प्रश्न असे. मालक बदलला की माल बदलतो का? बदलत नसेल तर मालकाशी आपल्याला काय करायचंय? आणि हा एकच ब्रँड गेलाय की सगळेच?

बाप्पारे

बाप्पा! उदबत्तीतबी तेच? मंग देवानं काय नाक दाबून बसावं काय?

ताई, एक विचारतो. काकाजी चहा कोनता पेतात?

धरमपेठी

तुळशीचा. ऑरगॅनिक इंडियाचा. काहून?

बाप्पारे

काही नाही. लेखापालभाऊ येतीनच आता. मी पयलेच पळतो.

लेखापाल

आलो.

ऑरगॅनिक इंडिया ही लखनौची कंपनी. आधी तिच्यात फॅबइंडियाचा मोठा वाटा होता. जानेवारी २०२४ मध्ये टाटा कन्झ्युमरनं ती १,९०० कोटींना घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच्याच जोडीला चिंग्ज सीक्रेटवाली कॅपिटल फूड्सही, ५,१०० कोटींना. त्याआधी २०२१ मध्ये नाचणीचे पदार्थ करणारी सोलफुल टाटांनी घेतली होती. पुण्याच्या ट्रू एलिमेंट्समध्ये २०२२ साली मॅरिकोनं निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला, म्हणजे सफोलावाले. योगा बारमध्ये २०२३ पासून आयटीसी टप्प्याटप्प्यानं हिस्सा वाढवतेय. ओझिव्हा हिंदुस्थान युनिलिव्हरकडे. यादी वाढवत नाही, कंटाळा येईल. ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक सगळे.

मला त्या आकड्यांपेक्षा तारखांची गंमत वाटते. सगळी खरेदी २०२१ पासूनची. आता मागे जा. सेंद्रिय अन्नाचे एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नियम १ जुलै २०१८ ला लागू झाले. त्या दिवसापासून पाकिटावर 'सेंद्रिय' लिहायचं तर मागे प्रमाणपत्र हवं, आणि जैविक भारतचा हिरवा शिक्का हवा. त्याआधी काय होतं? ज्याला वाटेल तो 'सेंद्रिय' लिहायचा, आणि गिऱ्हाईक दुकानदाराच्या नाहीतर कंपनी काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचं. असला विश्वास विकत घेता येत नाही. तो माणसाबरोबर येतो, माणसाबरोबर जातो. एकदा शिक्का आला की विश्वास कागदावर उतरतो. कागदावर उतरलेली कुठलीही गोष्ट विकता येते, हे मी पस्तीस वर्षं ताळेबंद बघून सांगतो.

हे माझं गणित आहे. कुणाला खोडायचं असेल तर जरूर खोडा.

मिशिगनवासी

खोडत नाही, उलट भर घालते. माहेर महालातलं, आता पंधरा वर्षं मिशिगनमध्ये.

अमेरिकेत सेंद्रियचे सरकारी नियम २००२ मध्ये लागू झाले आणि मोठ्या कंपन्यांची खरेदी त्याच्या आगेमागेच सुरू झाली. काशी नावाचा सीरियलचा ब्रँड आहे (आपल्या काशीशी संबंध जोडू नका) तो २००० मध्ये केलॉगनं घेतला. सोया दुधाचा सिल्क २००२ मध्ये डीन फूड्सकडे गेला, आणि डीन ही तेव्हा गाईच्या दुधाची बलाढ्य कंपनी. कॅस्केडियन फार्म जनरल मिल्सकडे, पुढे २०१४ मध्ये अ‍ॅनीज्सुद्धा त्यांच्याकडेच, ८२ कोटी डॉलरना. इथल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात फिलिप हॉवर्ड म्हणून प्राध्यापक आहेत. कोणता सेंद्रिय ब्रँड कोणाच्या पोटात, याचे ते तक्ते काढतात. तो तक्ता बघितला की वारुळाचा आडवा छेद बघितल्यासारखं वाटतं. मधे चार-सहा जाडजूड राण्या, भोवती बारीक बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर डोंगर, गाय नाहीतर सूर्योदय.

आता धरमपेठीचा पहिला प्रश्न, माल बदलतो का. सिल्कचं उदाहरण घ्या. २००९ च्या सुमारास त्यांनी आपल्या बऱ्याच मालातलं सेंद्रिय सोयाबीन काढून साधं घातलं. खोका जवळजवळ तसाच ठेवला. 'ऑरगॅनिक' या शब्दाच्या जागी 'नॅचरल' आला, बस. दुकानदारांच्यासुद्धा उशिरा लक्षात आलं, मग बोंबाबोंब झाली.

पण दरवेळी असंच होतं असं नाही, हेही सांगायला पाहिजे. ऑनेस्ट टी कोका-कोलानं २००८ मध्ये अर्धवट आणि २०११ मध्ये पूर्ण घेतला. त्यांच्याकडे असताना तो चहा सेंद्रियच राहिला. आणि मग २०२२ मध्ये कोकनं तो चहाच बंद करून टाकला. माल बिघडला नाही, नाहीसा झाला. संस्थापक सेथ गोल्डमन यांनी त्याच वर्षी जस्ट आइस टी नावानं पुन्हा पहिल्यापासून दुकान मांडलं.

सरळसोट

नेहमीप्रमाणे भांडवलशाहीच्या नावानं रडगाणं. मोठी कंपनी आली की तपासणी वाढते, माल गावोगावी पोचतो, भाव उतरतो. तुमच्या त्या गोड गोड छोट्या ब्रँडचे मालक विकून मोकळे झाले, त्यांना कुणी जबरदस्ती केली होती का? आणि काकांच्या भावना समजतात, पण खर्रा आयटीसी विकत नाही. पानठेल्यावर घोटला जातो.

धरमपेठी

खरंय, खर्रा ते विकत नाहीत. लेकही हेच म्हणाली. बाबांचं उत्तर: "मी कंपनीवर खटला भरत नाहीये. मी फक्त घेत नाहीये." यावर कोणाकडे काही उत्तर असेल तर मलाही सांगा.

लेखापाल

सरळसोट, 'विकून मोकळे झाले' हे अर्धंच खरं. सेंद्रिय मालात पैसा फार काळ अडकून राहतो. शेतकऱ्याला आज धरा, माल तीन वर्षांनी. एवढा दम बँकेला नसतो, म्हणून गुंतवणूकदार फंड येतात. फंडाला स्वतःची मुदत असते, साधारण आठ-दहा वर्षांची. मुदत भरली की त्याला बाहेर पडायचंच असतं. मग एकतर शेअर बाजार, नाहीतर बडी कंपनी. बाहेरचा पैसा ज्या दिवशी घेतला, त्या दिवशीच विक्रीची तारीख अर्धी ठरलेली असते. संस्थापक लबाड असतो असं नाही.

काटोलकर

मी कास्तकार. काटोल तालुका. संत्रा, तूर, कापूस, थोडं सोयाबीन. धागा दोनदा वाचला. तुम्ही सगळे पाकिटाच्या या बाजूनं बोलून राह्यले, मी त्या बाजूनं सांगतो.

कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या चार गावांत त्यांनी गट केला. एक पोरगा मोटारसायकलवर यायचा, शेणखत, जीवामृत, दशपर्णी सगळं समजावून सांगायचा. चांगला होता पोरगा. संत्र्याचं असं असते की झाड बारमाही, म्हणून पहिल्या सेंद्रिय तोडणीच्या आधी तीन वर्षं जमीन पालटायला द्या लागते. हंगामी पिकाले दोन. या काळात रासायनिक काही टाकायचं नाही, आणि सेंद्रिय म्हणून विकायचंबी नाही. उत्पादन पडते, भाव मात्र साधाच. पयल्या दोन वर्षांत माझ्या बगीच्यात फळगळ इतकी झाली की बाप म्हणे, बगीचा काढून टाक. शेजाऱ्यानं फवारा मारला की वारा कोणीकडं आहे ते पाहून मी धुऱ्यावर (बांधावर) उभा. धुऱ्यालगतच्या दोन ओळी तशाही सेंद्रियमधून सोडाव्या लागतात.

तिसऱ्या वर्षी कंपनी विकल्या गेली. कोणी कोणाले इकली ते आम्हाले पेपरातून कळलं. पोराचा फोन बंद. संत्रा व्यापाऱ्यानं झाडावरच मागितला, साध्या भावात. तूर कळमन्याच्या बाजारात नेली, साध्या तुरीत ओतली. बाजूच्या ढिगात आणि माझ्या ढिगात फरक फक्त मले दिसत होता.

मंग म्हटलं, दुसऱ्या कंपनीकडं जाऊ, कागद तर आहे. कागद मागायला गेलो तर समजलं, प्रमाणपत्र गटाचं, आणि ते कंपनीच्या हातात. वावर माझं, मेहनत माझी, फळगळ माझी. पण हे सेंद्रिय आहे असं लिहून द्यायचा हक्क माझ्याकडं नाही.

म्हणून लेखापालभाऊ, विश्वास कागदावर उतरला हे तुमचं बरोबर. कोणाच्या कागदावर, तेवढं इचारा.

लेखापाल

मान्य. हा भाग माझ्या गणितात नव्हता.

माजी खरेदीवाला

काटोलकरभाऊ, मी त्या मोटारसायकलवाल्या पोराचा साहेब होतो असं समजा. तुमच्या कंपनीत नव्हतो, पण अशाच एकीत होतो. मीही नाव सांगणार नाही.

आतून काय होतं ते सांगतो. कंपनी विकली गेल्यावर पहिलं वर्ष काहीच बदलत नाही, तशी सूचनाच असते. दुसऱ्या वर्षी वरून विचारणा येते: चाळीस ठिकाणांहून डाळ का घेता, सहा ठिकाणांहून घ्या. कारण मोठ्या गोदामाला एका दमात ट्रकभर एकसारखा माल लागतो. एकसारखा म्हणजे दाण्याचा आकार, रंग, ओलावा, सगळं. चार गावांच्या गटाकडून तीस-पस्तीस पोती येणार, त्यात तीन रंग. तो गट आपोआप गळतो. कोणी वाईट हेतूनं गाळत नाही, तक्त्यात तो ओळ अडवून बसलेला असतो म्हणून गळतो. आणि पैसे. आम्ही आधी पंधरवड्यात चुकते करायचो, मोठ्या घरात गेल्यावर बिल पाच सह्या फिरून यायला लागलं. कास्तकाराला तेवढा वेळ थांबता येत नाही, व्यापाऱ्याला येतं. मग मधे व्यापारी आला.

सरळसोट यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी आहे. छोटे होतो तेव्हा आम्ही दहातल्या एखाद्या लॉटचा नमुना कीटकनाशकांच्या तपासणीला पाठवायचो, कारण तपासणी परवडायची नाही. मोठ्यांनी घेतल्यावर प्रत्येक लॉट तपासायला लागलो, आणि पहिल्याच हंगामात आमचे 'एकदम खात्रीचे' म्हणवणारे दोन पुरवठादार उघडे पडले. गिऱ्हाईक म्हणून विचाराल तर मी तेव्हाची डाळ जास्त भरवशाची म्हणेन.

मिशिगनवासी

काटोलकरभाऊंचं वाचून इथल्या दूधवाल्यांची आठवण झाली. होरायझन हा सेंद्रिय दुधाचा मोठा ब्रँड. डीनकडून व्हाइटवेव्ह या वेगळ्या कंपनीत गेला, तिथून २०१७ मध्ये दनोनकडे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दनोननं ईशान्य अमेरिकेतल्या ८९ सेंद्रिय दूध उत्पादकांना कळवलं की तुमचे करार आम्ही पुढे चालवणार नाही. छोटे गोठे, डोंगराळ भाग, टँकर फिरवणं महाग. खरेदीवाल्यांचं 'सहा ठिकाणांहून घ्या' तेच, फक्त दुधात. पुढे २०२४ मध्ये दनोननं होरायझनच एका गुंतवणूक कंपनीला विकून टाकला. दुकानातल्या खोक्यावरची लाल गाय या सगळ्या काळात उड्या मारतच होती.

इतवारीवाला

सेंद्रियचं चाललंय ते वाचतोय. माझा मुद्दा शाकाहाराचा. आम्ही जैन, तीन पिढ्या इतवारीत किराण्याचा धंदा. माझं मत आधीपासून असं की हिरवा ठिपका बघायचा आणि घ्यायचं. तो ठिपका २००१ च्या नियमांपासून आहे आणि तो साहित्याबद्दल बोलतो. गल्ला कोणाचा, हे तो सांगत नाही आणि सांगूही नये. पैसा कुठून कुठे जातो हे विचारत बसलो तर आमच्या दुकानात मीठसुद्धा विकता येणार नाही.

मिशिगनवासी

इतवारीवाले दादा, तुम्हाला दुखवायचं नाही, पण एक साखळी सांगते. नेदरलँड्समध्ये 'व्हेजिटेरियन बुचर' नावाचा ब्रँड आहे, वनस्पतींपासून मांसासारखे पदार्थ करतो. २०१८ च्या शेवटी युनिलिव्हरनं घेतला. २०२५ मध्ये युनिलिव्हरनं तो व्हिव्हेरा नावाच्या कंपनीला विकायचं ठरवलं. व्हिव्हेराही शाकाहारी मालाचीच. पण व्हिव्हेरा २०२१ पासून जेबीएसच्या मालकीची. जेबीएस म्हणजे ब्राझीलची, जगातली सगळ्यात मोठी मांस कंपनी.

इतवारीवाला

हे मला माहीत नव्हतं.

(थोडा वेळ घेऊन लिहितोय.) आमच्यात हिंसेचे तीन प्रकार मोजतात: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं. कृत, कारित, अनुमोदित. ती शाकाहारी टिक्की मी घेतली तर पहिल्या दोन्हींत मी नाही. तिसऱ्यात आहे का? कत्तलखानेवाल्याला शाकाहारात नफा दिसला तर त्याचं एक यंत्र तिकडून इकडे वळेल, असंही म्हणता येईल. किंवा माझ्या पैशानं तो तिकडे आणखी एक यंत्र घेईल. दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतो, आणि घरी जेवताना बोललोही. सौभाग्यवती म्हणाल्या, पापड भाजलाय, तो आधी खा.

आमच्या दुकानात तो माल येत नाही म्हणून सुटलो. पण नियम म्हणून 'ठिपका बघा आणि घ्या' हे मी आता तितक्या जोरात म्हणणार नाही.

बाप्पारे

या धाग्यात जो येते तो काही ना काही सोडून जाऊन राह्यला. मी सोयाबीन वडीचा रस्सा खाऊन राह्यलो, सावजी मसाल्यात. तेवढा तरी सुखानं खाऊ द्या.

लेखापाल

कोणती वडी?

बाप्पारे

न्यूट्रेला. लानपनापासून.

लेखापाल

रुची सोयाची होती. कंपनी दिवाळखोरीत निघाली, २०१९ मध्ये पतंजलीनं ४,३५० कोटींना उचलली. आता पतंजली फूड्स. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात मार्च २०२५ ला ज्या पतंजलीच्या संत्र्याच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, त्यांच्याच समूहातली.

बाप्पारे

म्हनजे मी घरचाच मानूस खाऊन राह्यलो. झालं समाधान.

काटोलकर

वडीचं मात्र एक सांगतो. तेल काढल्यावर जो सोयाबीनचा चोथा उरते, त्याच्या पिठाची ती वडी. आणि आपल्या देशात जीएम (जनुक बदललेलं) सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, तेवढी तरी चिंता नाही. कापसाचं उलट. आमच्याकडं बहुतेक सगळा बीटी. सेंद्रियमध्ये बीटी चालत नाही, म्हणून साधं सरकीचं बियाणं पाहिजे, ते शोधता शोधता मृग निघून जाते. सेंद्रिय कापसाचा सदरा घालणाऱ्यानं हे एकदा ऐकावं.

सरळसोट

ठीक आहे, प्रश्न असा विचारतो. आयटीसी नको, टाटा नको, मग करायचं काय? कास्तकाराच्या घरी जाऊन डाळ आणायची? नागपुरात तीस लाख माणसं राहतात.

माजी खरेदीवाला

सगळ्यांनी नकोच जायला. पाकीट वाचायला मात्र हरकत नाही. 'निर्माता' आणि 'विक्रेता' या दोन ओळी वेगवेगळ्या असतात. बहुतेक लोक वरचं मोठं नाव वाचतात आणि थांबतात. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उद्योगाची नुसती नोंदणी. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते निघतं. आणि ब्रँड हातबदल झाल्यावर वर्षभरानं एक शब्द तपासा: 'सेंद्रिय' अजून तिथंच आहे ना, की त्याचं 'नैसर्गिक' झालंय. नैसर्गिक लिहायला शेतापर्यंतचं प्रमाणपत्र लागत नाही.

दुसरी वाट पीजीएसची. पाच किंवा जास्त कास्तकार गट करतात, एकमेकांची शेतं तपासतात, प्रमाणपत्र त्यांच्याच हातात राहतं. निर्यातीला चालत नाही, देशात चालतं. काटोलकरभाऊ, अमरावती रोडला गोंडखैरीत केंद्र सरकारचं जैविक शेतीचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथं विचारलंत का?

काटोलकर

विचारलं. चार जण तयार आहोत, पाचवा पाहिजे. पाचवाबी भेटला, पण त्याच्या तिन्ही बाजूचे फवारतात आणि वावर सव्वा एकराचं. बफर (कडेचा सोडायचा पट्टा) सोडला तर मधात खाट टाकण्याइतकी जागा उरते.

इतवारीवाला

पीजीएसचा माल मी दुकानात ठेवायला तयार आहे, पण खरं सांगतो, गिऱ्हाईक विचारत नाही. ते नाव विचारतं. टीव्हीवर बघितलेलं नाव. आणि दाण्यात एक जरी सोंडा निघाला तर पाकीट परत. सेंद्रिय पाहिजे आणि कीडही नको, या गिऱ्हाइकाला मोठी कंपनीच पुरी पडते. बीजोत्सवात दरवर्षी जातो, वाण बघून मन भरून येतं, जवस आणि लाखोळी घेऊन येतो, घरी खातो. दुकानात ठेवत नाही. माझीच गोष्ट आहे, दुसऱ्याला काय नावं ठेवू.

मिशिगनवासी

इथं देशी दुकानात २४ मंत्रचीच तूर घेते मी, आणि पुढेही घेणार. दुसरी सेंद्रिय तूर या गावात नाही. प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

धरमपेठी

एवढे प्रतिसाद बघून बाबांना लॅपटॉपसमोरच बसवलं. दोन दिवसांतली घडामोड सांगते.

तुळशीचा चहा चालू राहणार. टाटांचा आहे हे मी हळूच सांगितलं, तर म्हणाले, "एम्प्रेस मिलचे टाटा ना? मग ठीक." जमशेदजींनी १८७७ मध्ये इथं गिरणी काढली, आणि माझे पणजोबा तिथं जॉबर (मुकादम) होते. लेकीनं लगेच धरलं, की आजोबा, मग हा न्याय की ओळखपाळख? बाबा म्हणाले, "ओळखपाळख. मी कधी न्याय म्हटलं?"

काटोलकरभाऊंची पोस्ट त्यांनी तीनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "डाळ यांच्याकडून घेऊ." मी म्हटलं, बरं. पाच मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात आले. "पण यांच्याकडे प्रमाणपत्र आहे का?"

काटोलकर

😀 नाही ना काकाजी! तेच तर रडगाणं गाऊन राह्यलो इतका वेळ.

धरमपेठी

तेच मी त्यांना सांगितलं. छत्तीस वर्षं ऑडिट केलेला माणूस, कागदाशिवाय जीव घाबरा होतो. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "मी जाऊन बघतो. पीजीएसमध्ये शेतकरीच शेतकऱ्याला तपासतात ना? मग मी तपासलं तर काय बिघडलं." भाऊ, तुमची परवानगी असेल तर आम्ही येतो. गणेशपेठहून काटोलची बस किती वाजता असते?

काटोलकर

बसा बराच आहेत, सकाळच्या कोणत्याबी या. पण तूर अजून वावरात उभी आहे. सवंगणी संक्रांतीच्या मांगंपुढं. मंग खळं, मंग डाळ भरडायची. महिनाभर तरी दम धरा. आणि काकाजीले सांगा, आमची डाळ पाकिटातल्यासारखी पिवळीधम्मक दिसत नाही. सालपट राहते थोडंथोडं. वरण गाळूनच घ्या लागन.

धरमपेठी

गाळायचं त्यांना माहीत आहे.

बाप्पारे

ताई, सगळं झालं, उदबत्तीचं काय ठरलं?

धरमपेठी

समईच. लेक आता वातींच्या पुड्यामागे काय लिहिलंय ते वाचतेय.